हातचा

एल आल्तोत पाणी लवकर उकळतं
आणि बटाटा लवकर शिजत नाही.
या दोन वाक्यांवर माझी शिकवणी चालते.
फी कुणी रोख देतं, कुणी गाठोडंभर बटाटे,
आणि रुफिनोची आई, बाजारात सूप विकते ती,
दर शनिवारी एक डबा पाठवते,
झाकण सुतळीने आवळून बांधलेलं.

रुफिनो तेरा वर्षांचा. सूत्र मागतो
वाण्याकडे मीठ मागावं तसं.
"प्रोफे, सांगून टाका ना. सोमवारी परीक्षा आहे."
मी पातेलं चढवते.
"हे पाणी किती तापलंय?"
"शंभर."
"कशावरून?"
"उकळतंय की."
थर्मामीटर त्याच्या हातात देऊन मी कांदा चिरायला बसते.
मला ठाऊक असतं, पारा शहाऐंशीपाशी अडणार.
मला हेही ठाऊक असतं की तो आधी थर्मामीटरकडे संशयाने बघेल,
मग पाण्याकडे, मग माझ्याकडे.
"मोडलाय हा."
"असेल. कसं तपासशील?"

दाराबाहेरच्या बादलीवर रात्रीचा बर्फ अजून धरलेला.
तो फोडून आणतो, विरघळू देतो, नळी बुडवतो.
शून्य.
म्हणजे मोडलेला नाही.
मग खोलीत जी शांतता पसरते
तिचेच मी पैसे घेते.

डेल्फिनाचं उणे गुणिले उणे असंच अडलं होतं.
खिडकीतून केबल कारचे पिवळे डबे दिसतात,
ला पासकडे उतरणारे.
"त्याचं शूटिंग कर," म्हटलं, "आणि उलटं चालव.
डबा कुठे चाललाय?"
"वर!" ती इतक्या मोठ्यांदा ओरडली
की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.
पण त्या एका "वर"च्या आधी तीन आठवडे गेले होते,
आणि तीन वेळा तिचे वडील दारात उभे राहून म्हणाले होते,
सांगून टाकायला काय जातं तुमचं?

गुरुवारी रुफिनो आला, धापा टाकत.
"आई झाकणावर दगड ठेवते."
"का?"
"ठेवते."
"ती का ठेवते?"
"तेच विचारून आलो. ती म्हणते,
वाफ कोंडली की बटाटा शरण येतो."
मी खूश. अर्धा धडा त्या बाईनेच शिकवला होता.
तो मात्र बसला नाही.
"एक बोलू, प्रोफे?
तुम्ही नेहमी हातचं राखून विचारता.
उत्तर आधीपासून तुमच्या मुठीत,
आम्ही नुसती तुमची बोटं उघडायची."

त्या दिवशी चिरायला कांदाही नव्हता.

"बरं. मग तू विचार," मी म्हटलं.
त्याने पातेल्याकडे पाहिलं.
"पाण्याला कसं कळतं आपण किती उंचावर आहोत?"
"वर हवेचं ओझं कमी."
"हवेला ओझं कशाने?"
"पृथ्वी ओढते तिला."
"का ओढते?"
"कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात, रुफिनो."
"हो, पण का?"

जिभेवर नेहमीचं वाक्य आलं: तुला काय वाटतं?
बावीस वर्षं मी या वाक्याआड बसून आहे.
ते गिळलं.
खाली रस्त्यावर मिनीबसचा पोऱ्या
थांब्यांची नावं ओरडत गेला, सगळी, एका दमात.
"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने वही उघडली.
प्रश्न लिहिला. खाली माझं वाक्य.
खाली पट्टीने दोन रेघा मारल्या,
उत्तराखाली मारतात तशा.
मग काटा घेऊन बटाट्यात खुपसला.
"कच्चाय अजून," म्हणाला,
आणि दगड शोधायला बाहेर गेला.